पक्क्या नोकरीचा फोन

एम.टेक.ची लॅब भरलेली. नेटवर्क सिक्युरिटीचा क्लास. अन् स्पीकरमधून माझाच आवाज येऊन राहिला होता.

"साब, पाँव पड़ता हूँ आपके. घर में बता दूँ क्या?"

सगळे हसले. सगळ्यात पहिले कोण हसलं? मीच. सवय आहे. मी या लॅबचा चपराशी. चौथी नापास, इतकी वर्षं कच्च्या नोकरीवर. स्वतःवर लोकांना हसवत राहिलो म्हणून टिकलो.

मग डोक्यात शिरलं. आदल्या दिवशी फोन आला होता, म्हणे मोठ्या ऑफिसातून. तुमची नोकरी पक्की होऊन राहिली आहे, कागदासाठी लॅबचा पासवर्ड सांगा. सकाळी मशिनी मीच सुरू करतो, पासवर्ड तोंडपाठ. सांगितला. समोरच्याला नीट लिहिता यावा म्हणून दोनदा सांगितला. मग कमानियाच्या बाजारातून खोव्याची जलेबी आणून लॅबमध्ये वाटली. फोन करणारा पोरगा याच क्लासचा. सरांनीच करायला लावला होता, बोलणं रेकॉर्ड करून. त्यानंही खाल्ली. वरून आणखी मागितली.

सर पोरांना शिकवत होते. चोराला मशीन फोडायची गरजच नाही, असा एक माणूस पुरतो. "सबसे कमज़ोर कड़ी," म्हणाले अन् माझ्याकडे बोट केलं. उद्या भोपाळच्या मोठ्या ऑफिसातले पाहुणे येणार, त्यांनाही हेच ऐकवायचं होतं.

"काका, हँसिए ना. आप तो मज़ाकिया आदमी हैं," फोनवाला पोरगा म्हणाला.

हसायला तोंड उघडलं. हसू आलंच नाही. नोकरी पक्की झाली म्हणून बायकोनं तोवर सगळ्या मोहल्ल्यात सांगून टाकलं होतं.

मी उठलो अन् स्पीकरची तार उपटली. इतकी वर्षं कम्प्यूटरमध्ये राहून मला तेवढंच येते.

"हे नाही वाजणार," मी म्हणालो. रागात मराठीच निघाली. सगळ्यांना समजली.

सरांनी आवाज खाली केला. "नौकरी करनी है कि नहीं?"

"करायची आहे. म्हणूनच तर फसलो."

सर म्हणाले, कल छुट्टी ले लो.

नाही घेणार. उद्या पाहुण्यांच्या बाजूलाच बसतो. वाजवलंच तर उभा राहीन. सांगीन, हा आवाज माझा. फोन या पोरानं केला, करायला सरांनी लावला. अन् विचारीन, पक्की नोकरी फोनवर देता येते, तर खरी काहून नाही देत?

काढतील मला. काढा. पण तिथेच काढा, त्या पाहुण्यांच्या समोर.