सात नंबरची जागा

नंदुरबारच्या एका मिरची कारखान्यात मी हजेरी लिहितो. वाळलेली मिरची आमच्या शेडमध्ये येते आणि बाया रांगेत बसून तिचे देठ खुडतात. मागच्या हंगामात मालकांनी वर कॅमेरे लावले. कोणाचा हात किती चालतो ते कॉम्प्युटर बघणार आणि पुढच्या हंगामाला कोणाला बोलवायचं तेही तोच सांगणार. मला तर गंमतच वाटली. नको तिथे नाक खुपसायची मला जन्माची खोड. जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रीनसमोर बसून राहायचो, डबा तसाच.

कॉम्प्युटरला नावं हवी होती. पहिल्या दिवशी जी बाई जिथे बसली, तिचं नाव मी त्या जागेच्या नंबरापुढे टाकलं आणि मोकळा झालो.

हंगाम संपताना यादी निघाली. सगळ्यात तळाला सात नंबर. ती बाई आमच्याकडे पंधरा वर्षांची जुनी, खुडणीत तिचा हात धरणारं कोणी नाही. मी चक्रावलो. मालक म्हणाले, "मशीन कोणाचं सोयरं नसतं. सांगून टाका तिला."

मी सांगितलं. तिने तोंडावरचं फडकं सोडलं. "भाऊ, तठे मी पयल्या दिनले बठनू व्हतू. मिरचीना बठ्ठा ठसका त्याच कोपरामा येस. म्हणीसन आम्ही रोज जागा बदलतस."

रोज एकीची पाळी, बायांनी आपसात लावलेली. मी ती रोज बघत होतो आणि तरी नाव एकदाच लिहिलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग मी मागचे सगळे दिवस स्क्रीनवर काढून बघितले. बाई कोणीही असो, दुपारी वारा सुटला की सातवरचा हात मंदावायचा. कॉम्प्युटरने वाईट जागा बरोबर हेरली होती, फक्त तिला बाईचं नाव मी दिलं होतं. खात्री करायला मी स्वतः सातवर जाऊन बसलो. पाच मिनिटांत डोळ्यांतून धारा, खोकून खोकून जीव नकोसा.

मालकांना सगळं दाखवलं. मग त्यांनी यादी फाडली आणि कोपऱ्यात जाळीची खिडकी बसवायला गवंडी बोलावला.

मी मोठ्या फुशारकीने तिला सांगायला गेलो, "तुमचं काम पक्कं. कॉम्प्युटरला काही कळत नव्हतं बघा."

ती हसली. "कॉम्प्युटर तं यंदाच उनं, भाऊ. तुम्ही इतला वरीस दारमा बठेल ऱ्हातस ना?"

माझं टेबल दारातच आहे. वारा आधी माझ्याकडे येतो, तेव्हा त्यात मिरची नसते.