आठ थेंब आणि एक चिंधी

देवाने जगातले रंग केले ते आमच्या आतोबांना न विचारता, आणि देवाची ही घाई आतोबांनी त्याला शेवटपर्यंत माफ केली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे मालवणकडचे, पण उभी हयात एका कापड गिरणीच्या रंगखात्यात गेलेली. रंगवलेलं कापड नमुन्याशी जुळतंय की नाही हे तिथे आतोबा सांगायचे, आणि त्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय एक वारही पुढे सरकायचं नाही. त्यामुळे तांबडा, पिवळा, हिरवा असले मोघम शब्द त्यांना सहन होत नसत. कुणी सहज म्हणालं की अमक्याने तांबडा सदरा घातला होता, तर आतोबा त्याला तिथेच अडवत. “तांबडा म्हणजे खंयचो? जांभ्या दगडाचो, पिकल्या कोकमाचो, की लाल माठाच्या भाजीचो?” समोरचा माणूस सदऱ्यातल्या माणसाबद्दल काय सांगणार होता ते मग राहूनच जायचं.

मला मुंबईत नोकरी लागली तेव्हा मी वाकोल्याला त्यांच्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला गेले. पहिल्याच सोमवारी ऑफिसला निघाले तर आतोबांनी मला दारातल्या उजेडात उभी केली, माझ्या नव्या साडीचा पदर चिमटीत धरला आणि एखादा आजार सांगावा तशा आवाजात म्हणाले, “काठ आणि अंग वेगवेगळ्या दिवशी रंगवलेत.” ऑफिसात तीन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र ते एकदा डोक्यात बसलं आणि ती साडी मी पुन्हा सुखाने नेसले नाही.

पुढे संप झाला आणि गिरणी बंद पडली. घरी येताना आतोबांनी पत्र्याची एक ट्रंक आणली. तिच्यात तीस वर्षांतल्या पास केलेल्या रंगांचे कापडाचे तुकडे होते. वर्षभर ते त्या ट्रंकेजवळ नुसते बसून असायचे, आणि आम्हाला त्यांची काळजी वाटायची. अशात त्यांना मधुमेह निघाला. सांगू नये, पण त्या मधुमेहाने आमचे आतोबा पुन्हा उभे केले.

त्याचं असं झालं. तेव्हा आजच्यासारखी बोटाला टोचून आकडा सांगणारी यंत्रं घरोघरी नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे. त्यांनी आतोबांना रोजची एक गोळी, एक काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली आणि एक छापील तक्ता दिला. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर वाढत जाईल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत शेवटी विटेसारखा लाल व्हायचा. दुसऱ्या कुणी हे निमूट ऐकून घेतलं असतं. आतोबांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, “फक्त पाच रंग?”

“पुरतात हो तेवढे,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, नुसत्या निळ्यात माझ्याकडे चाळीस आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात गिरणी सुरू झाली. सकाळी ऊन थोडं वर आलं की आतोबा नळी घेऊन उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे, कारण रंग बघायचा तो उत्तरेच्या उजेडातच, असा रंगखात्याचा नियम. आठ थेंब म्हणजे आठ. नववा पडला तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. मग स्पिरिटचा दिवा, मग उकळी, मग नळी गार होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तर आत्याकडे बघायचे, जणू तिनेच वाजवली. नळी गार झाली की ट्रंक उघडून तिच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा तुकडा शोधायचा, त्याची नखाएवढी चिंधी कापायची, ती वहीत डिंकाने चिकटवायची आणि शेजारी तारीख घालून रंगाचं नाव लिहायचं. डॉक्टरांकडे बाकीचे पेशंट “बरं आहे”, “जरा जास्त आहे” असं सांगायचे. आतोबा वही पुढे करायचे आणि म्हणायचे, “मंगळवारी शेवाळी होता, पण शुक्रवारपर्यंत मोरपिशीवर आणलाय.”

पथ्यही त्यांनी रंगखात्याच्या शिस्तीनेच पाळलं. घरातून साखर गेली, गूळ गेला, पाहुण्यांनासुद्धा कोरा कडू चहा मिळू लागला, आणि पाहुणेही हळूहळू गेले. रोज पहाटे ते वाकोल्याहून जुहूच्या वाळूपर्यंत चालत जायचे आणि चालत यायचे. लग्नात पानात जिलबी पडली की सगळी पंगत श्वास रोखून बघायची. आतोबा जिलबी उजेडाकडे धरायचे, “केशर नाय, रंग घातलोहा,” असा शेरा मारायचे आणि ती शेजारच्याच्या पानात ठेवायचे. ज्याच्या पानात ती जायची तो बिचारा पुढे ती खाऊ शकत नसे. पण खरं सांगते, दोन वर्षं त्या वहीत निळ्याशिवाय क्वचित काही लागलं. डॉक्टर त्यांचं उदाहरण इतर पेशंटना द्यायचे. आत्या मात्र म्हणायची, “ह्यांचो मधुमेह बरो, पण पथ्य आमका कित्याक?”

मग तिसऱ्या वर्षी, गणपतीच्या आसपास, काहीतरी बिनसलं. खिडकीशी उभ्या असलेल्या आतोबांच्या कपाळावर आठी पडायला लागली. नळी हिरवट दिसतेय म्हणाले. त्यांनी भात निम्मा केला. तरी हिरवट. भात बंद केला, दोन भाकऱ्यांची एक केली. तरीही हिरवटच. आत्या मागून डोकावून म्हणायची, “ओ, निळोच आसा तो.” त्यावर आतोबांचं उत्तर ठरलेलं. “तीस वर्षां रंग मी बघलंय की तू? तुका रंगातला काय कळता?” आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. ती कुकरकडे परत जायची. मी घाईघाईत डबा भरत असायचे. मला ते निळं वाटायचं, पण आतोबांपुढे रंगावर बोलण्याची माझी काय छाती?

आता मागे वळून बघताना खुणा सगळ्या समोर होत्या असं वाटतं. खारदांड्याची कोळीण पंधरा वर्षं आमच्या दारात मासळी आणायची. तिच्याशी आतोबांनी भांडण काढलं. बांगड्याचे कल्ले तपकिरी पडलेत, मासळी शिळी आहे म्हणाले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “दादा, सकालचा म्हावरा हाय. आता कल्ल्यांना काय कुंकू लावू?” कल्ले लालभडक होते. आम्ही हसलो आणि आतोबांचं वय झालं म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी त्यांच्या ट्रंकेतले जुळणारे तुकडे संपले. ते आत्याला म्हणाले, “तुझ्या त्या हिरव्या पातळाच्या पदराची चिंधी दी.” आत्याकडे हिरवं पातळ नव्हतंच. जे होतं ते निळं होतं, आणि ते आतोबांनीच आणून दिलेलं होतं. गिरणीत त्यांनी स्वतःच्या सहीने पास केलेला तो पहिला रंग. आत्याने पदराची कड कापून दिली, पण त्या दिवशी ती जेवली नाही. नवरा आपलं पातळ विसरला, एवढंच तिला कळलं.

आतोबा वाळत चालले होते. डॉक्टरांकडे जायचं त्यांनी टाळलं, कारण हिरवी वही दाखवायची त्यांना लाज वाटत होती. दोन वर्षांची अब्रू होती ती. कुणाला न सांगता त्यांनी गोळी एकाची दीड केली. हे आम्हाला नंतर कळलं.

एका रविवारी सकाळी ते जुहूहून आले आणि आत न येता उंबऱ्यावरच बसले. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. आत्याने विचारलं तर तिच्यावर खेकसले आणि मग भलतंच बोलायला लागले. रंगखात्यातल्या कुणाला तरी हौदातलं पाणी सोडायला सांगत होते. मी अनवाणी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, “साखर पार उतरलीय. घरात गोड काय आहे? लवकर!”

घरात गोड काय असणार? साखरेचा दाणा नव्हता. मी डबे उघडत सुटले. आत्या एक क्षण जागच्या जागी उभी राहिली, मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला गुळाचा खडा बाहेर काढला. दोन वर्षं ती दुपारी, आतोबा झोपले की, त्यातला कण टाकून स्वतःपुरता चहा करायची. त्या चोरीच्या गुळाचं पाणी डॉक्टरांनी चमच्याचमच्याने आतोबांच्या तोंडात घातलं. दहा मिनिटांत घाम थांबला. पंधराव्या मिनिटाला आतोबांनी डोळे नीट उघडले, जिभेवरची चव ओळखली आणि म्हणाले, “गूळ घरात हाडलो कोणी?”

मी आयुष्यात एवढी सुटल्यासारखी कधी रडले नाही. आत्या तर गुळाचं फडकं हातात धरून रडत होती आणि हसतही होती.

डॉक्टरांनी वही मागितली. ते पानं उलटत गेले, मग थांबले, पुन्हा मागे गेले. “अहो, हे काय लिहिलंय? शेवाळी, पोपटी, हिरवट. आणि चिंध्या तर सगळ्या निळ्या आहेत!” मी वाकून बघितलं. खरंच, गणपतीपासूनच्या सगळ्या चिंध्या स्वच्छ निळ्या, आणि प्रत्येकीशेजारी आतोबांच्या सुबक अक्षरात हिरव्याचं एकेक नाव. शेवटची चिंधी आत्याच्या पातळाची होती. डॉक्टरांनी खिडकीतली कालची नळी त्यांच्यापुढे धरली. “पोपटी,” आतोबा म्हणाले. तेव्हा डॉक्टर त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या डोळ्यांवर पिवळट पडदा धरलाय. नळी आणि चिंधी, दोन्ही तुम्हाला त्याच पडद्यातून दिसतात. म्हणून जुळवणी एकही चुकली नाही. चुकलं फक्त नाव. साखर वाढलेली नव्हतीच.”

आतोबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला बघवेना. मधुमेह निघाला तेव्हा ते एवढे घाबरले नव्हते. मधुमेहात डोळ्यांचा आतला पडदा जाऊन माणूस आंधळा होतो हे त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना ते रिक्षात एकेक डोळा झाकून बाहेर बघत होते. तिथे डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवलं तर उगाच पुटपुटले, “आठच घाला.” आत्या बाहेर बाकावर माझा हात घट्ट धरून बसली होती. शेवटी डॉक्टर बाहेर आले. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना, पण आतला पडदा शाबूत आहे. साखर इतकी आटोक्यात ठेवली म्हणूनच, असंही म्हणाले. आत्याने पदर तोंडाला लावला. आतून आतोबांचा आवाज आला, “आता रडतस कित्याक? मोतीबिंदूच तर आसा!” आवाजात पुन्हा गिरणीतला जोर होता. परत येताना त्यांनी रिक्षावाल्याला त्याच्या गणवेशाचा रंग उडाल्याचंही सांगितलं, जे त्या दिवशी त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या सकाळी आत्या तेच पातळ नेसून, कड कापलेला पदर मुद्दाम पुढे घेऊन उभी होती. आतोबांनी तिला खिडकीच्या उजेडात आणलं आणि बराच वेळ बघत राहिले. “इतको निळो होतो?” एवढंच म्हणाले. मग इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाले, “तुझाच बरोबर होता गो.” कोळणीचीही त्यांनी माफी मागितली. ती म्हणाली, “जाव द्या दादा,” आणि चार बांगडे जास्त टाकून गेली. साखर घरात परत आली नाही, पण गुळाचा एक खडा राजरोस फडताळात आला. चालायला जाताना त्यातला तुकडा आतोबांच्या खिशात असायचा.

आणि एक नवा नियम झाला. रोज सकाळी नळी गार झाली की आतोबा हाक मारायचे, “गो, बघ. खंयचो?” आत्या हात पुसत यायची, डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, “निळो.” मग आतोबा रंगाचं नाव लिहायचे आणि त्याच्याखाली तिला सही करायला लावायचे. तिची दुसरीतली अक्षरं, वाकडी आणि मोठी, चिंधीपेक्षा जास्त जागा घ्यायची. मी थट्टा केली की आतोबा म्हणायचे, “पास करणारो सही करता.” त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत एकाही सकाळी ती सही चुकली नाही.

आता आत्याही नाही. ती वही माझ्याकडे आहे. मलाही मधुमेह आहे, आणि माझ्या यंत्रात नुसता आकडा येतो. परवा वही चाळताना एक गोष्ट इतक्या वर्षांनी डोक्यात आली. ऑपरेशननंतर आतोबांना आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसत होतं. आत्याला विचारायची त्यांना काही गरज नव्हती. त्या दिवसापासून मी सकाळी आकडा बघते, वाचता येतो तरी चष्मा काढून ठेवते, आणि आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या आमच्या ह्यांना हाक मारते, “अहो, जरा बघा ना, किती आहे?”