विलासच्या पोटातला गोळा

मंडळी, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

दुपारी सातपूरला मित्राकडे, विलासकडे होतो. त्याच्या नव्या जावयाने डब्लिनहून ती जगप्रसिद्ध काळी बिअर आणली होती. मी म्हणालो, "जळक्या भाकरीचं पाणी." आमचा तिसरा मित्र सुधीर म्हणाला, "काढा आहे, तोही कोमट." विलास मात्र "वा जावईबापू, काय चव आहे" म्हणत राहिला.

आमचे कॅन संपले तसे खडखडू लागले. जावई म्हणाला, "फेसासाठी आत प्लास्टिकचा गोळा असतो." विलासने आपला कॅन हलवला. खडखडाट नाही. म्हणजे गोळा गिळला की काय!

"बाबा, गोळा बाहेर येऊच शकत नाही," म्हणताना जावयाचाच चेहरा पांढरा पडला. विलासची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांना दाखवायला कॅन त्याने हातातच धरला आणि मी त्याला रिक्षात घातलं. तो डोळे मिटून बसला. मला वाटलं, गेला हा.

त्र्यंबक रोडच्या गतिरोधकावर त्या कॅनमधली बिअर माझ्या पँटवर सांडली. कॅन जवळजवळ भरलेला. भरल्या कॅनमध्ये गोळा वाजेल कसा?

"एकच घोट घेतला रे," विलास पुटपुटला. "जावयाला सांगू नकोस. एक्स-रे काढून घेऊ."

एक्स-रे निघाला, पोट स्वच्छ. त्या आनंदात जावई सासऱ्यांसाठी त्याच बिअरचा अख्खा बॉक्स मागवतोय. आता तुम्हीच सांगा, तोंड उघडू का?