साहेबाच्या अप्सरा

परतवाड्याच्या जंगल कचेरीत इंग्रजांच्या काळात मी अकरा वर्षं कारकुनी केली. फाइली निकाली निघायच्या, किस्से मात्र साठत गेले. सांगायला बसलो की मंडळी पोट धरून हसतात. मला स्वतःला आता फारसं हसू येत नाही.

* * *

आमच्या साहेबाला ट्राउट माशाचं वेड. हा मासा वऱ्हाडात औषधालाही नाही! म्हणून साहेब दर उन्हाळ्यात रजा काढून गळ घेऊन काश्मीरला जायचा.

एकदा त्याची चिठ्ठी आली: निम्फ बांधणारा माणूस शोधा. आमचे हेडक्लार्क पुण्याकडचे. त्यांनी डिक्शनरी उघडली आणि घाम पुसला. "निम्फ म्हणजे अप्सरा!"

"आन् बांधाची काहून जी?" शिपायानं विचारलं.

"पळून जात असेल!"

शेवटी साहेबानंच डबी उघडून दाखवली. गळाच्या आकड्यावर दोऱ्यानं बांधलेला मळकट किडा! पाण्यातली, पंख न फुटलेली अळी समजून मासा तो गिळतो म्हणे. कचेरीत नाव पडलं ते अप्सराच.

* * *

दोऱ्याचं काम, म्हणून मी बाजारातल्या गंगाराम माळ्याला आणलं. साठीचा माणूस, देवळाचे हार ओल्या दोऱ्यात ओवायचं काम त्याच्याकडे. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

साहेबाची रीत सोपी. आकड्यावर तांब्याची तार, सशाची लव दोऱ्यात पिळून गुंडाळायची, शेपटीला तितराच्या पिसाची दोन तुसं, गाठ, संपलं. काकांनी पहिली अप्सरा आणली तिला जरीचा गोंडा!

"सिंपल! सिंपल!" साहेब ओरडला.

"गोंड्याबिगर कसं सोडाव जी? उघडं वाटते," काका मला म्हणाले. साधी अप्सरा जमायला त्यांना दोन महिने लागले.

* * *

सशाची लव हाताळतो म्हणून देवळाच्या पंचांनी काकांचे हार बंद केले. घरी काकूंनी त्यांचा पाट देवघरापासून लांब मांडला.

मी म्हटलं, "काका, सोडून द्या हे."

"आता सोडून काय होते? देवाच्या गळ्यातून तं गेलो, माशाच्या गळ्यात तरी जाऊ दे!"

सगळी कचेरी हसली. काका हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना मीच आणलं होतं.

* * *

एकदा टेबलावरची अप्सरा भिंतीवरच्या पालीनं झडप घालून तोंडात धरली!

"धरली! धरली!" काका नाचायचेच बाकी होते. "साहेबाले तार करा!"

हेडक्लार्क म्हणाले, "काय लिहू? अप्सरा पालीस पसंत?"

* * *

साहेब काश्मीरहून परतला की काका फाटकाशी उभे. साहेब पाठ थोपटून म्हणायचा, "गुड, गुड."

"गुड म्हंजे मासा?"

"गुड म्हणजे चांगलं, काका."

"मंग मासा काहून म्हणत नाही?"



* * *

साहेब कायमचा विलायतेला निघाला, त्या दिवशी काका हार घेऊन बंगल्यावर आले. माझा हात धरून म्हणाले, "एकच इचारा. एका तरी माशानं घेतली काय?"

मी इंग्रजीत विचारलं. साहेबानं मोठ्या खुशीत डबी काढली, उघडली. सगळ्या अप्सरा ओळीनं टोचलेल्या. "इतकं सुंदर काम पाण्यात घालवायला जीव होईना! मासे मी दुकानातून आणलेल्या लावून धरले. या काचेत बसवून दिवाणखान्यात टांगणार."

काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"साहेब म्हणतो, लय मासे लागले," मी म्हटलं.

काकांनी डबी हातात घेतली. एका अप्सरेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून.

"जनम ओल्या दोऱ्यात गेला माहा, बाबू," ते म्हणाले. "ह्या दोऱ्यानं पानी पाह्यलं नाही."