गुणगुण गेली का?

नानांचा मोठा मुलगा सकाळी दुकानात आला तेव्हा मी एका जाड वहीच्या पुठ्ठ्याला खळ लावत होतो. "काका, नाना गयात," एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला. महिना होत आला त्याला. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी कान दिला... भिंतीपलीकडून काही ऐकू येतंय का म्हणून. अमळनेरात आमची दुकानं एकाच भिंतीची, माझं बाइंडिंगचं, नानांचं रेडिओ दुरुस्तीचं. आणि रेडिओतली गुणगुण 'गेली' म्हणायचं की नाही, हे ठरवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलेलं होतं.

नाना जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचे माणूस. घरोघर ट्रान्झिस्टर झाले, टीव्ही आले, तरी जळगाव-धुळ्याकडून लोक ते जड लाकडी रेडिओ धोतराच्या कापडात बांधून एसटीनं त्यांच्याकडे आणत. तक्रार बहुतेक एकच, विजेची गुणगुण. गाण्यामागे सतत घूंऽऽ. नाना आधी आवाजाचं बटण पार खाली करत. तरीही गुणगुण राहिली तर पुरवठ्याकडचा कंडेन्सर सुकलेला असण्याचा संशय, बटणाबरोबर तीही बंद झाली तर दोष बटणाच्या अलीकडे. हे सगळं उजव्या हातानं. डावा हात पायजम्याच्या खिशात. उघड्या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट खेळत असतात, दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो, म्हणून ही सवय. मी वहिनींना म्हणायचो, नानांचा दुसरा हात शिंप्यानं खिशालाच शिवलाय. नाना हसायचे.

नव्वद सालच्या आसपास तो हात खिशातून बाहेर आला. चालू रेडिओच्या लाकडावर नाना तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायला लागले. मला वाटलं, वयाबरोबर लाड वाढले. मग एक दिवस भिंतीवर टकटक करून त्यांनी मला बोलावलं आणि अगदी सहज विचारलं, "भाऊ, गई का?" गुणगुण अजून होती, चांगली ऐकू येत होती. मी म्हटलं, "शे, नाना. आजून शे." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सोल्डरचा डाग लावायला घेतला. तेव्हा मला कळलं... नानांना ऐकू येईनासं झालं होतं. उंच आवाज यायचा, गुणगुणीचा खालचा स्वर तेवढा हरवला होता. ना ते कधी बोलले, ना मी. फक्त रोज टकटक व्हायची आणि मी खळीचे हात पुसत जायचो. गावात हे कळलं असतं तर नानांकडे रेडिओ कोण आणणार होतं?

धुळ्याच्या एका अक्कांचा रेडिओ मात्र हट्टाला पेटला. कंडेन्सर बदलले, तारा पीळ देऊन दूर बसवल्या, चार दिवस टकटक आणि चार दिवस माझं "शे". पाचव्या दिवशी नानांचं तोंड इतकं उतरलेलं दिसलं की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गई." नाना लहान मुलासारखे खुलले. आठवड्याच्या आत अक्का ते गाठोडं घेऊन परत आल्या, आणि फार संकोचत म्हणाल्या की यात अजून भुंगा आहे. नानांनी अक्कांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवस त्यांचं दुकान बंद. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो, माफी मागितली. ते म्हणाले, "माले ऐकू येत नही, ते माले माहीत शे, भाऊ. तुना कान मी मना समजू. तू खोटं बोलना... ते आते मी कोनाले इचारू?"

माझा कान त्यांनी आपला मानला होता, आणि मीच खोटं बोललो होतो. आजही त्या आठवणीनं मला लाज वाटते. पण दुसऱ्या दिवशी टकटक झाली. पूर्वी कुणीतरी अक्कांच्या रेडिओतला स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर बदलताना आडवा बसवला होता, वीजपुरवठ्याच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तो ओढून घेत होता. नानांनी स्क्रू सैल केले आणि लाकडी पट्टीनं त्याला तीळ तीळ फिरवत गेले. मी सांगत होतो, शे... शे... कमी व्हयनी... शे... आणि एका जागी सगळं थांबलं. मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा कान लावला आणि मगच "गई" म्हटलं. नानांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, स्क्रू आवळले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा डावा हात खिशात गेला.

दहाव्यानंतर वहिनींनी नानांचा स्वतःचा रेडिओ मला दिला. तो माझ्या दुकानात भिंतीला लागून आहे. दुसऱ्यांचे रेडिओ करता करता त्यांना स्वतःच्याकडे बघायला सवड झाली नसावी, थोडी गुणगुण आहे त्यात. माझा मुलगा म्हणतो, जळगावला दाखवून घेऊ. मी नको म्हणतो. सकाळी दुकान उघडलं की मी तो रेडिओ लावतो, व्हॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत थांबतो. स्टेशन लावत नाही. लाकडावर तळवा ठेवतो आणि खरं तेच सांगतो.

"शे, नाना. आजून शे."