बाहीवरून कापलेली बाही

माझी काकू शिवणकाम करायची आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवायची. दुसरी बाही पहिलीवरून कापलेली तिला खपायची नाही. दर वेळी कागदी पॅटर्नच अंथरायचा. "बाहीवरून बाही कापत गेलं की फरक वाढत जातो," ती म्हणायची, "आणि शेवटी गिऱ्हाइकाचा हात आत जात नाही."

एकदा एक पाहुणा उपदेशक म्हणाला, "विश्वास पक्का असेल तर माणूस आजारीच पडत नाही." काकू ताडकन उठली. "कुठल्या अध्यायात आहे हो?" त्यानं आपल्या गुरूंचं नाव सांगितलं. "म्हणजे बाहीवरून बाही!" काकू म्हणाली, आणि सगळं चर्च हसलं.

काकूचं एक ठरलेलं वाक्य होतं: देव झेपेल तेवढंच ओझं देतो, असं बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौल सांगतो. एकदा मी पौलाची पत्रं वाचायला बसले, तर त्याचं स्वतःचंच ओझं त्याच्या शक्तीबाहेर गेलेलं. म्हणून तर तो देवावर विसंबायला शिकला. मी भीत भीत ती ओळ काकूला दाखवली. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, हे मी माझ्या आईकडून ऐकलेलं! वीस वर्षं मीच बाहीवरून बाही कापतेय!"

रविवारी तिनं मला वर्गापुढे उभं केलं. "हिनं माझी चूक पकडली," ती ऐटीत म्हणाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता? हिचं तरी खरं कशावरून? उघडा आपापली बायबलं!"