दातिवऱ्यात बोंबलावर विलायती सॉस

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतली. माझी एक मैत्रीण इंग्लंडहून परतली आणि तिने मला तपकिरी सॉसच्या दोन बाटल्या दिल्या. टोमॅटोचा नव्हे, दाट, काळपट, आंबटगोड. तिकडे लोक तो रोज अंड्यावर, बटाट्यावर, पावावर ओततात म्हणे. आम्ही एक बाटली उघडली, एकेक बोट चाखलं आणि ती फडताळात मागे सरकवली. दुसरी तशीच सीलबंद राहिली.

बोईसरजवळ सरावलीला राहणाऱ्या माझ्या बहिणीला, सुनंदाला, मी पत्रात हे सहज लिहिलं. तिचं उत्तर आलं: "टाकू नकोस, घेऊन ये. आमच्या शेजारच्या कमलाकरचे वडील हाच सॉस रोज जेवताना घ्यायचे. दातिवऱ्याला असतात. आता मिळत नाही म्हणून हळहळतात."

दातिवऱ्यासारख्या समुद्रकाठच्या गावचा कोळी माणूस रोजच्या जेवणात विलायती सॉस का घेत असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मी शिकवत होते त्या शाळेला सुट्टी होती. सीलबंद बाटली पिशवीत घालून मी निघाले.

नाशिकहून पालघरची एस.टी. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत जाते. तिकीट तेव्हा पंचवीसेक रुपये असावं. या रस्त्याने जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि खिडकी उजवीकडची घ्या, दुपारचं ऊन लागत नाही. जव्हारला गाडी थांबते तेव्हा उसळपाव खाऊन घ्यावा, पुढे विक्रमगड आणि मनोरला नुसता चहा मिळाला. मासवणला एक बाई चढल्या. नवरा आणि भाऊ हंगामापुरते कामाला गेले होते, त्यांच्याकडे त्या तांदूळ घेऊन निघाल्या होत्या. माझ्या पिशवीतून डोकावणारी बाटली त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"औषद हाय का?"

"नाही, चटणी आहे."

"मंग बाटलीत कशाला?"

मी बाटली पिशवीत आत सरकवली. पालघरला उतरेपर्यंत त्या विचारातच होत्या.

तिथून बोईसर एस.टी.ने तासाभराचं. सरावलीत सगळी कामगारांची घरं. वाऱ्याची दिशा बदलली की कारखान्यांचा उग्र वास यायचा. गल्लीत हिंदीच जास्त ऐकू येत होती. कमलाकर कारखान्यात फिटर होता. त्याने सांगितलं ते असं: त्याचे वडील, जनूबाबा, पंचवीस वर्षं इंग्रजी मालवाहू बोटींवर भंडारी होते. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. सुट्टीवर येताना दरवेळी सॉसच्या बाटल्या आणायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि बाटल्या संपल्या.

"आई आता बाबाला विचारून विचारून घरीच करते तसा," कमलाकर म्हणाला. "बाबा खातो, पण दरवेळी म्हणतो, जवळ आला, पण तो नाय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुनंदा, कमलाकर आणि मी निघालो. बोईसरहून रेल्वेच्या शटलने सफाळे, तिथून दातिवऱ्याची एस.टी. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. गाव आलं ते वासानेच कळलं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते.

जनूबाबा किनाऱ्यावर गेले होते. कमलाकरच्या आईने, पार्वतीमावशीने, माझ्या हातातली बाटली घेतली आणि उजेडात धरली.

"आदी मला एक चमचा दे," ती म्हणाली. "त्याला मागून सांगू."

"तुम्ही कधी चाखला नाहीत?"

"नाय. दहा-दहा महिन्यांनी घरी यायचा. मी पहाटे बंदरावर जाऊन ताजे मासे आणायची, रांधायची. हा बसला की पयली बाटली उघडायचा. चव बी नाय बघायचा. मी म्हटलं, मी या बाटलीला हात लावणार नाय."

"मग आता स्वतः का करता?"

"जेवत नाय ना नीट," ती म्हणाली.

तिने तळहातावर चार थेंब घेतले आणि चाटले. मग डोळे मिटून उभी राहिली. पुन्हा थोडा घेतला. "मी लवंग जास्ती टाकत होती," ती स्वतःशीच म्हणाली. तिने आपली बरणी उघडून मला चव दिली: चिंच, खजूर, काळा गूळ, कांदा, आलं आणि ताडीचा शिरका, म्हणजे आंबवलेली ताडी. आमच्या घरी कुणाला न आवडलेल्या चवीच्या अगदी शेजारची चव होती ती, पण ही मला आवडली.

जेवणात ताजे बोंबील, तांदळाची भाकरी. जनूबाबा किनाऱ्यावरून आले तेव्हा मावशीने त्यांच्यापुढे सॉसच्या दोन वाट्या ठेवल्या, एक बाटलीतल्या, एक आपल्या; सांगितलं काहीच नाही. उंच, वाळलेला, मितभाषी माणूस. त्यांनी पहिल्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवला, चघळला आणि थांबले.

"हा बोटीवरचा. कुठून आला?"

मी सांगितलं. ते हसले. आम्हाला वाटलं आता तीच वाटी ओढतील. मी न राहवून विचारलं, "बाबा, तुम्हाला याची एवढी गोडी कशी लागली?"

त्यांनी वाटी नाकाशी नेली. मग म्हणाले, "तिकडे थंडी. रोज उकडलेला बटाटा, पाव. कशाला चव नाय. पयल्या फेरीला ही बाटली उघडली तर चिंचेचा वास आला. आमच्या मागल्या दारची चिंच आठवली. घरची आठवण आली की मी हा घ्यायचो. मग रोजच घ्यायला लागलो."

मावशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आन् घरी आल्यावर?" तिने विचारलं.

"सवय गो. हात आपोआप जायचा."

"मला वाटलं माझ्या हाताला चव नाय."

"असं कोण बोललं?"

"कोण नाय बोललं. तेच ना."

कमलाकर ताटात बघत बसला. सुनंदाने माझा हात दाबला. जनूबाबांनी दोन्ही वाट्या बाजूला केल्या, एक बोंबील उचलला आणि तसाच खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी मावशीच्या वाटीतला सॉस लावला. "लवंग कमी कर," म्हणाले. ती म्हणाली, "माहीत हाय." पण पदराने डोळे पुसत म्हणाली.

दुपारी मावशी आणि जनूबाबा ओट्यावर खजुराच्या बिया काढत बसले होते. आम्ही चार वाजताची गाडी पकडली. निघताना मावशीने बरणीतला सॉस एका बाटलीत भरून दिला.

तो आम्ही थालीपिठाबरोबर महिनाभर खाल्ला. नंतर मी तिच्या सांगण्याप्रमाणे दोनदा केला, बरा जमला. शिरका ताडीचाच हवा, हे मात्र खरं.

पण परतल्यावर पहिल्याच रात्री मी जेवण वाढत असताना एक झालं. ह्यांनी नेहमीप्रमाणे चव न बघता वरणभातावर चमचाभर साखर पसरली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि रोज ते पाहून मी मनात चडफडत होते.

"तुम्ही साखर का घालता?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, चमचा खाली ठेवला.

"लांबलचक आहे ते," ते म्हणाले. "बस."

मी बसले.